स्क्रिप्टमधून संगणकाचे डोमेन नाव मिळवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही शे विंडोज संगणक आणि त्यांच्या जोडीला थोडे लिनक्स सर्व्हर असलेल्या नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्रावर एक स्क्रिप्ट चालवायची आहे, आणि ते यंत्र कोणत्या डोमेनमध्ये (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या यंत्रांच्या आणि खात्यांच्या गटात) आहे हे पाहून तिने पुढचे सेटिंग निवडायचे आहे. ‘यूझरडोमेन’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचले तर बहुतेक यंत्रांवर बरोबर उत्तर येते, पण काहींवर डोमेनऐवजी संगणकाचेच नाव मिळते. पायथनमधले ‘गेटएफक्यूडीएन’ फंक्शन वापरले तर कुठे पूर्ण नाव येते, कुठे नुसते ‘लोकलहोस्ट’. यांपैकी भरवशाची पद्धत कोणती, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे की या दोन्ही पद्धती आपापल्या परीने बरोबरच सांगत आहेत, मात्र तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या देत नाहीत. पहिली लॉगइन केलेल्या व्यक्तीचे डोमेन सांगते, तर दुसरी नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) किंवा होस्ट्स फाइल (यंत्रावरचीच नावे व पत्ते यांची यादी) या यंत्राला कोणत्या नावाने ओळखते ते सांगते. यंत्र स्वतः कोणत्या डोमेनचे सभासद आहे हा तिसराच प्रश्न असून त्याचे उत्तर यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत मिळते. ते तिथूनच वाचावे, हा माझ्या या सगळ्या उत्तराचा गाभा आहे. खाली कमांड आणि फंक्शनांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी एक यंत्र जवळून पाहू, म्हणजे घोटाळा कुठे होतो ते स्पष्ट होईल. समजा, एका संगणकाचे नाव ‘अकाउंट्स-डेस्कटॉप-०७’ आहे आणि तो ‘कॉर्प.एक्झाम्पल.कॉम’ या ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची खाती व यंत्रे सांभाळणारी सेवा) डोमेनला जोडलेला आहे. डोमेन उभारणाऱ्याने त्याचे नेटबायोस नाव, म्हणजे जुन्या पद्धतीचे छोटे नाव, ‘एचक्यू’ असे ठेवले होते. आज हा संगणक पाहुण्यांसाठीच्या वायफायवर आहे, आणि तिथला डीएचसीपी सर्व्हर (यंत्रांना आपोआप पत्ता देणारा) प्रत्येक जोडणीला ‘गेस्ट.एक्झाम्पल.नेट’ असा डीएनएस सफिक्स, म्हणजे यंत्राच्या नावापुढे जोडायचा भाग, देतो. त्यातच दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने संगणकावरच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगइन केले आहे. आता ‘डोमेन काय?’ असे विचारले तर ‘यूझरडोमेन’ संगणकाचे नाव सांगेल, कारण स्थानिक खात्याच्या दृष्टीने संगणक हेच त्याचे डोमेन असते. ‘यूझरडीएनएसडोमेन’ हे व्हेरिएबल मुळात अस्तित्वातच नसेल. नेटवर्क जोडणीची माहिती वाचणारी स्क्रिप्ट ‘गेस्ट.एक्झाम्पल.नेट’ म्हणेल, जुनी नेटबायोस पद्धत ‘एचक्यू’ म्हणेल आणि सभासदत्वाची नोंद ‘कॉर्प.एक्झाम्पल.कॉम’ म्हणेल. यांतले एकही उत्तर चुकीचे नाही.

याच उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. नेटबायोस नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचे असते, कारण त्याच्या १६ बाइटांपैकी शेवटचा बाइट सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखून ठेवलेला आहे. वरच्या संगणकाचे नाव इंग्रजी लिपीत १९ अक्षरांचे होते, त्यामुळे ‘कॉम्प्युटरनेम’ या व्हेरिएबलमध्ये ते ‘अकाउंट्स-डेस्कटो’ इथे तुटते. शेजारच्या ०८ क्रमांकाच्या संगणकाचे नावही नेमके तिथेच तुटेल आणि दोघांचे छोटे नाव सारखे होईल. ‘कॉम्प्युटरनेम’ला डोमेन जोडून पूर्ण नाव तयार करणाऱ्या स्क्रिप्टा मी अनेकदा पाहिल्या आहेत. छोट्या नावांच्या यंत्रांवर त्या वर्षानुवर्षे चालतात आणि पहिले लांब नाव आले की अस्तित्वात नसलेला पत्ता तयार करतात.

आता विंडोजवरची पद्धत. पॉवरशेलमध्ये ‘गेट-सिमइन्स्टन्स’ या कमांडला ‘विन३२_कॉम्प्युटरसिस्टीम’ हा क्लास द्यावा आणि जे ऑब्जेक्ट परत येईल ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवावे. त्यात ‘डोमेन’ नावाची प्रॉपर्टी आहे आणि यंत्र जोडलेले असेल तर तिच्यात सभासदत्वाचे डोमेन मिळते. मात्र ती एकटी वाचू नये. यंत्र डोमेनला जोडलेले नसेल तेव्हा हीच प्रॉपर्टी वर्कग्रुपचे (डोमेनविना असलेल्या यंत्रांच्या साध्या गटाचे) नाव देते, आणि ते कोणी बदललेले नसेल तर ‘वर्कग्रुप’ हा शब्दच डोमेन म्हणून हाती येतो. म्हणून आधी त्याच ऑब्जेक्टमधली ‘पार्टऑफडोमेन’ ही प्रॉपर्टी तपासावी. ती खरी असेल तरच ‘डोमेन’ घ्यावे, नाहीतर रिकामे मूल्य परत करावे. परत आलेला शब्द ‘वर्कग्रुप’ आहे का, अशी तुलना करून सुटका करून घेऊ नये, कारण वर्कग्रुपला कोणीही हवे ते नाव देऊ शकते आणि काही ठिकाणी ते मुद्दाम डोमेनसारखे ठेवलेले असते.

तिथेच ‘डोमेनरोल’ नावाची एक संख्या मिळते, तीही टिपून ठेवावी असे मी सुचवीन. तिचे मूल्य ० किंवा २ असेल तर यंत्र स्वतंत्र आहे, अनुक्रमे वर्कस्टेशन किंवा सर्व्हर. १ आणि ३ म्हणजे त्याच क्रमाने डोमेनचे सभासद, तर ४ आणि ५ म्हणजे ते यंत्र स्वतः डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, आहे. सेटिंग बदलणारी स्क्रिप्ट चुकून डोमेन कंट्रोलरवर चालू नये यासाठी ही संख्या फार उपयोगी पडते, आणि ऑब्जेक्ट आधीच हातात असल्यामुळे तिच्यासाठी वेगळी विचारणा करावी लागत नाही.

या पद्धतीला मी पहिली पसंती देतो त्याचे मुख्य कारण असे की ती यंत्राच्या स्वतःच्या नोंदीवरून उत्तर देते. नेटवर्क केबल काढलेली असो, लॅपटॉप प्रवासात असो, डोमेन कंट्रोलर बंद पडलेला असो, किंवा स्क्रिप्ट सिस्टीम खात्याखाली (विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याखाली) चालत असो, उत्तर तेच राहते. ‘गेट-सिमइन्स्टन्स’ पॉवरशेल ३ पासून उपलब्ध आहे. त्याआधीची ‘गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ ही कमांड विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये चालते, पण पॉवरशेल ६ पासून पुढे ती काढून टाकलेली आहे, त्यामुळे नवी स्क्रिप्ट तिच्यावर बेतू नये. बॅच फाइलीतून ‘डब्ल्यूएमआयसी’ वापरण्याची सवय अनेकांना आहे. विंडोज १० च्या २१एच१ आवृत्तीपासून ती कालबाह्य ठरवलेली आहे आणि नव्या यंत्रांवर ती असेलच असे धरता येत नाही. व्हीबीस्क्रिप्टही ऑक्टोबर २०२३ मध्ये कालबाह्य म्हणून जाहीर झाली. जुन्या व्हीबीस्क्रिप्ट फाइली तुमच्याकडे असतील तर त्यांत ‘डब्ल्यूस्क्रिप्ट.नेटवर्क’ ऑब्जेक्टची ‘यूझरडोमेन’ प्रॉपर्टी संगणकाचे डोमेन समजून वापरलेली नाही ना, हे मात्र नवीन भाषेत उतरवण्याआधी पाहावे. तसे असेल तर जुनी चूक नव्या स्क्रिप्टमध्ये जशीच्या तशी येईल. संगणकाच्या डोमेनसाठी त्या काळातही ‘एडीसिस्टीमइन्फो’ हे वेगळे ऑब्जेक्ट होते आणि त्यात ‘डोमेनडीएनएसनेम’ व ‘डोमेनशॉर्टनेम’ अशी दोन्ही नावे स्वतंत्रपणे मिळत.

डॉटनेट वापरणारे अनेकजण ‘गेटकॉम्प्युटरडोमेन’ ही पद्धत सुचवतात. नाव अगदी नेमके आहे आणि मिळणाऱ्या ऑब्जेक्टमधून फॉरेस्ट (डोमेनांचा समूह), डोमेन कंट्रोलर अशी पुष्कळ जास्तीची माहितीही हाती लागते. पण ती डोमेन कंट्रोलरशी बोलून उत्तर आणते. यंत्र डोमेनला जोडलेले नसेल तरी ती एरर फेकते आणि कंट्रोलरपर्यंत पोहोचता आले नाही तरी एरर फेकते. स्क्रिप्ट लिहिणारा ती एरर पकडून ‘हे यंत्र डोमेनमध्ये नाही’ असा निष्कर्ष काढतो, आणि मग घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपला एखाद्या सकाळी अचानक स्वतंत्र यंत्राचे सेटिंग मिळते. या पद्धतीची जुळी बहीण ‘गेटकरंटडोमेन’ तर संगणकाचे डोमेन सांगतच नाही. ज्या खात्याखाली स्क्रिप्ट चालते आहे त्याचे डोमेन ती सांगते. एका डोमेनमधल्या व्यक्तीने विश्वास ठेवलेल्या दुसऱ्या डोमेनच्या यंत्रावर लॉगइन केले की या दोघींची उत्तरे वेगळी येतात.

सभासदत्व आणि प्रायमरी डीएनएस सफिक्स (यंत्राच्या पूर्ण नावाचा कायमचा शेवट) यांतला फरक इथे सांगायला हवा, कारण बहुतेक यंत्रांवर दोन्ही सारखे असतात आणि म्हणूनच वेगळे असतील तिथे ते लक्षात येत नाहीत. संगणक डोमेनला जोडला की विंडोज आपणहून प्रायमरी सफिक्स त्याच नावाचा करते. पण सभासदत्व बदलल्यावर सफिक्स बदलावा की नाही, हा एक स्वतंत्र पर्याय आहे आणि तो बंदही करता येतो. मोठ्या संस्थांमध्ये, जिथे डीएनएस एक विभाग सांभाळतो आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी दुसरा, तिथे संगणक ‘कॉर्प.एक्झाम्पल.कॉम’चा सभासद असूनही त्याचे पूर्ण नाव ‘नॉर्थ.एक्झाम्पल.कॉम’ने संपते, अशी रचना मुद्दाम केलेली आढळते. तुम्हाला यंत्रापर्यंत पोहोचण्याचा पत्ता हवा असेल तर सफिक्स घ्यावा. धोरण, परवाने किंवा खाती ठरवायची असतील तर सभासदत्व घ्यावे. सफिक्ससाठी डॉटनेटमधल्या ‘आयपीग्लोबलप्रॉपर्टीज’ या क्लासची ‘डोमेननेम’ प्रॉपर्टी पुरेशी आहे.

रजिस्ट्रीतून वाचणे मी शक्यतो टाळतो, पण तिथे काय आहे ते माहीत असावे. ‘टीसीपीआयपी’ सेवेच्या ‘पॅरामीटर्स’ या कीखाली ‘डोमेन’ आणि ‘एनव्ही डोमेन’ अशी दोन मूल्ये असतात. दुसरे मूल्य टिकाऊ असते आणि यंत्र पुन्हा सुरू होताना त्याच्यावरून पहिले ठरते. म्हणजे कोणी सफिक्स बदलून अजून रीस्टार्ट केले नसेल तर या दोन मूल्यांत फरक दिसतो, आणि आत्ता काय लागू आहे व पुढे काय लागू होणार आहे हे दोन्ही कळते. तिथेच ‘डीएचसीपीडोमेन’ नावाचेही एक मूल्य असू शकते. ते डीएचसीपीच्या १५ क्रमांकाच्या ऑप्शनमधून आलेले असते आणि आज यंत्र कोणत्या नेटवर्कवर बसले आहे एवढेच सांगते. संगणकाची ओळख ठरवण्यासाठी ते कधीही वापरू नये.

तुम्हाला सगळीकडे पायथनच वापरायचे असेल तर विंडोजवर ‘सीटाइप्स’ मॉड्यूलमधून ‘गेटकॉम्प्युटरनेमईएक्स’ हे विंडोजचे मूळ फंक्शन बोलवावे. पहिला आर्ग्युमेंट म्हणून त्याला कोणते नाव हवे याचा क्रमांक द्यावा लागतो. ० म्हणजे नेटबायोस नाव, १ म्हणजे डीएनएस होस्टनेम, २ म्हणजे डीएनएस डोमेन आणि ३ म्हणजे पूर्ण नाव. ४ ते ७ हे क्रमांक त्याच चार नावांची प्रत्यक्ष यंत्रापुरती रूपे देतात. यंत्र एखाद्या क्लस्टरचा (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटाचा) भाग असेल तर क्लस्टरच्या आभासी नावाऐवजी त्या यंत्राचे स्वतःचे नाव मिळावे, यासाठी ती आहेत. फंक्शन दोनदा बोलवायची रीत आहे. पहिल्या वेळी बफर न देता बोलवले की ते अपयश कळवते, त्रुटीचा क्रमांक २३४ येतो आणि किती जागा लागेल ते आकाराच्या व्हेरिएबलमध्ये भरून मिळते. तेवढ्या आकाराचा बफर करून दुसऱ्यांदा बोलवले की नाव हाती येते. पहिल्या वेळचे २३४ ही खरी त्रुटी समजून स्क्रिप्ट थांबवू नये. या मार्गाने मिळते ते डीएनएस डोमेन, म्हणजे सफिक्स, हे मात्र विसरू नये. सभासदत्व हवे असेल तर ‘नेटगेटजॉइनइन्फर्मेशन’ हे फंक्शन आहे. ते नाव आणि स्थिती अशा दोन गोष्टी परत करते, आणि स्थितीवरून ते नाव डोमेनचे आहे की वर्कग्रुपचे ते कळते. नाव मात्र नेटबायोस रूपात येते, म्हणजे आपल्या उदाहरणात ‘एचक्यू’. त्यावरून डीएनएस नावाचा अंदाज बांधायला जाऊ नये, कारण दोघांचा मेळ असलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

आता ‘गेटएफक्यूडीएन’कडे वळू. हे फंक्शन लोक फार विश्वासाने वापरतात, म्हणून ते आत काय करते हे नीट समजून घेणे गरजेचे वाटते. ते आधी होस्टनेम घेते, त्यावरून पत्ता शोधते आणि मग त्या पत्त्यावरून उलट शोध घेऊन मुख्य नाव व उपनावे मिळवते. या यादीत ज्या पहिल्या नावात टिंब आहे ते नाव परत केले जाते. टिंब असलेले एकही नाव सापडले नाही तर मुख्य नाव जसेच्या तसे मिळते. म्हणजे सगळे काही होस्ट्स फाइलच्या एका ओळीवर किंवा उलट शोधाच्या डीएनएस नोंदीवर अवलंबून राहते. ज्या लिनक्स यंत्रावर कोणीतरी १२७.०.०.१ या पत्त्यापुढे आधी ‘लोकलहोस्ट’ आणि मग यंत्राचे नाव लिहिलेले असते, तिथे तुम्हाला ‘लोकलहोस्ट’ मिळणारच. डेबियनमध्ये यंत्राचे नाव १२७.०.१.१ या वेगळ्या पत्त्यासमोर लिहिण्याची पद्धत आहे, ती हा गोंधळ टाळते. मॅकवर याच फंक्शनने ‘आयपी६.अर्पा’ने संपणारी शून्यांची लांबलचक माळ परत केल्याचे मी पाहिले आहे. ते आयपीव्ही६ लूपबॅक पत्त्याचे (यंत्राच्या स्वतःकडेच येणाऱ्या पत्त्याचे) उलट शोधासाठीचे रूप असते आणि त्यात भरपूर टिंबे असल्यामुळे फंक्शनला ते पूर्ण नाव वाटते.

वेळेचा प्रश्न तर वेगळाच आहे. लिनक्सवर नेमसर्व्हरने उत्तर दिले नाही तर मूळ सेटिंगप्रमाणे रिझॉल्व्हर (यंत्रावरचा नावे शोधणारा भाग) ५ सेकंद थांबतो आणि प्रत्येक सर्व्हरला २ वेळा विचारतो. दोन नेमसर्व्हर नोंदलेले असले तर एका नावासाठी सुमारे २० सेकंद जाऊ शकतात, आणि शोधयादीत अनेक सफिक्स असतील तर त्याहून जास्त. यंत्र सुरू होताना, नेटवर्क अजून उभे राहत असताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे फंक्शन टाकले की ‘सर्व्हर सुरू व्हायला उशीर लागतो’ अशी तक्रार येते, आणि कारण इथे दडले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खरोखरच डीएनएसमधले नाव हवे असेल तर ‘गेटॲड्रइन्फो’ या फंक्शनला होस्टनेम देऊन ‘एआय_कॅनननेम’ हा फ्लॅग लावावा. त्यातही शोध होतोच, पण नावावरून थेट मुख्य नाव विचारले जाते आणि पत्त्यावरून उलट शोध घेण्याचा टप्पा टळतो.

शेल स्क्रिप्टमध्ये ‘होस्टनेम’ कमांडला लहान एफचा पर्याय दिला की पूर्ण नाव मिळते आणि लहान डीचा दिला की पहिल्या टिंबानंतरचा भाग मिळतो. ‘डीएनएसडोमेननेम’ ही कमांडही तेच करते. हीसुद्धा रिझॉल्व्हरवर अवलंबून असतात, पण ती केवळ मुख्य नाव पाहतात, उपनावे चाळत नाहीत. म्हणून होस्ट्स फाइलच्या ओळीत छोटे नाव आधी आणि पूर्ण नाव नंतर लिहिलेले असेल तर ‘होस्टनेम’ छोटेच नाव सांगते आणि पायथन मात्र उपनावांतून पूर्ण नाव शोधून काढते. एकाच यंत्रावर दोन वेगळी उत्तरे आली तर आधी ती ओळ उघडून पाहावी. पत्त्यानंतर लगेच पूर्ण नाव आणि त्यापुढे छोटे नाव, हा क्रम असला पाहिजे.

याच्या शेजारी ‘डोमेननेम’ नावाची एक कमांड असते आणि नावामुळे ती सगळ्यांना हवीहवीशी वाटते. ती डीएनएसशी संबंधित नाही. सन मायक्रोसिस्टीम्सने यलो पेजेस या नावाने आणलेल्या आणि नंतर एनआयएस म्हणून ओळखल्या गेलेल्या निर्देशिका सेवेचे डोमेन ती दाखवते. आज बहुतेक यंत्रांवर एनआयएस नसते, त्यामुळे लिनक्सवर ती कंसात ‘नन’ असे लिहिलेला मजकूर परत करते. कंसासकट तो शब्दच डोमेन म्हणून कॉन्फिगरेशन फाइलीत जाऊन बसलेला मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

लिनक्स यंत्र ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेले असेल तर सभासदत्वाची नोंद होस्टनेममध्ये शोधू नये. ‘रिअल्मडी’ ही जोडणी करून देणारी सेवा वापरून जोडले असेल तर ‘रिअल्म लिस्ट’ ही कमांड ते सांगते आणि तिला फक्त नावांचा पर्याय दिला की स्क्रिप्टला सोयीचे उत्तर मिळते. कर्बेरोसच्या (ओळख पटवणाऱ्या प्रणालीच्या) फाइलीत दिसणारे मोठ्या अक्षरांतले रिअल्म नाव डोमेनसारखेच दिसते, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ते सहसा डोमेनचेच मोठ्या अक्षरांतले रूप असते, पण ते मूळ रिअल्म कोणीही हाताने लिहू शकतो, म्हणून ती फाइल पुरावा मानू नये. मॅकवर ‘डीएसकॉन्फिगएडी’ या कमांडला शो हा पर्याय देऊन हीच माहिती मिळते. तिथे दिसणारे ‘.लोकल’ने संपणारे नाव मल्टिकास्ट डीएनएसचे (नेमसर्व्हरशिवाय स्थानिक नेटवर्कवर नावे शोधण्याच्या पद्धतीचे) असते. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने तो शेवट त्यासाठीच राखून ठेवलेला आहे, तो कोणत्याही डोमेनचे सभासदत्व सांगत नाही.

पूर्ण नावातून डोमेन वेगळे काढताना पहिल्या टिंबावर तोडावे, शेवटून दोन भाग मोजू नयेत. शेवटचे दोन भाग घेण्याची युक्ती ‘एक्झाम्पल.कॉम’वर चालते, पण ‘कॉर्प.एक्झाम्पल.कॉम’चे डोमेन ती अर्धवट करते. तोडण्याआधी नावाच्या शेवटी टिंब असेल तर ते काढून टाकावे आणि तुलनेआधी सगळे लहान अक्षरांत आणावे, कारण डीएनएसमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो पण स्क्रिप्टच्या तुलनेत तो बहुधा असतो. टिंबच सापडले नाही तर रिकामे उत्तर द्यावे. अनेक स्क्रिप्टांत टिंब न सापडल्यावर संपूर्ण होस्टनेमच डोमेन म्हणून परत येते, कारण तोडणाऱ्या फंक्शनच्या यादीतला शेवटचा घटक घेतलेला असतो आणि घटक एकच असतो.

‘सिस्टीमइन्फो’ किंवा ‘आयपीकॉन्फिग’चा छापील मजकूर चाळून त्यातून डोमेनची ओळ उचलण्याविषयी मी कळकळीने सांगेन की तसे करू नका. विंडोजची भाषा बदलली की त्या मजकुरातली शीर्षके बदलतात. इंग्रजी यंत्रांवर तपासलेली स्क्रिप्ट जर्मन किंवा जपानी विंडोजवर कोणतीही एरर न देता रिकामे उत्तर आणते. प्रॉपर्टीची नावे मात्र सर्व भाषांत तीच राहतात.

एक अनुभव सांगतो, कारण ‘यूझरडोमेन’ बहुतेक यंत्रांवर बरोबर असते हे वाक्य मीही एके काळी स्वतःला ऐकवले होते. एका संस्थेसाठी मी बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली होती. ती डोमेनच्या नावाचा फोल्डर करून त्यात प्रत ठेवत असे. मी ती माझ्या डोमेन खात्याने तपासली होती आणि सगळे व्यवस्थित होते. पुढे तिचे वेळापत्रक स्थानिक खात्याखाली लावले गेले. त्या रात्रीपासून प्रत्येक यंत्राने स्वतःच्या नावाचा नवा फोल्डर केला आणि प्रती तिकडे जाऊ लागल्या. जुन्या प्रती काढून टाकणारा भाग मूळ फोल्डरवर नेहमीसारखा चालतच होता. कोणतीही एरर आली नाही, कारण स्क्रिप्टच्या दृष्टीने काही बिघडलेच नव्हते. एक फाइल परत मिळवायची वेळ आली तेव्हा मूळ फोल्डर जवळजवळ रिकामा होता. फाइल दुसऱ्या फोल्डरात सापडली, पण ती सापडेपर्यंत गेलेला तास माझ्या चांगलाच लक्षात आहे. तेव्हापासून ‘कोण चालवते आहे’ आणि ‘कुठे चालते आहे’ या दोन गोष्टी मी स्क्रिप्टमध्ये वेगळ्या व्हेरिएबलांत, वेगळ्या मार्गांनी भरतो.

दूरच्या यंत्रांची माहिती एका ठिकाणाहून गोळा करायची असेल तर ‘गेट-सिमइन्स्टन्स’ला संगणकाचे नाव देता येते. ते विनआरएम या विंडोजच्या दूरनियंत्रण सेवेवरून जाते आणि साध्या जोडणीसाठी ५९८५ हे पोर्ट उघडे असावे लागते. यादी करताना सभासदत्व, प्रायमरी सफिक्स आणि ‘डोमेनरोल’ असे तीन स्तंभ ठेवावेत. चौथा स्तंभ विचारणा यशस्वी झाली की नाही याचा असावा, कारण ‘डोमेन नाही’ आणि ‘यंत्राने उत्तर दिले नाही’ या दोन्हींसाठी रिकामी चौकट सोडली तर महिन्याभराने ती यादी पाहणाऱ्याला त्यांतला फरक कळणार नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे, तोही गृहीत धरावा लागेल. एन्ट्रा आयडीला, म्हणजे पूर्वी ॲझ्युर एडी म्हणत त्या सेवेला थेट जोडलेला संगणक संस्थेच्या ताब्यात असतो, त्यावर संस्थेच्या खात्याने लॉगइन होते, आणि तरीही ‘पार्टऑफडोमेन’ खोटे असते, कारण तो कोणत्याही ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनचा सभासद नसतो. ‘डीएसआरईजीसीएमडी’ या कमांडला स्टेटस हा पर्याय दिला की ‘ॲझ्युरएडीजॉइन्ड’ आणि ‘डोमेनजॉइन्ड’ अशा दोन स्वतंत्र ओळी दिसतात. दोन्ही होकारार्थी असू शकतात, एक असू शकते किंवा एकही नसू शकते. तुमच्या स्क्रिप्टने ‘डोमेनमध्ये नाही’ म्हणजे ‘परके यंत्र’ असा अर्थ लावून सेटिंग निवडले तर नवे लॅपटॉप परके ठरतील.

स्क्रिप्ट तयार झाली की ती निदान इतक्या परिस्थितींत चालवून पाहावी: डोमेन खात्याने, त्याच यंत्रावर स्थानिक खात्याने, टास्क शेड्यूलरमधून सिस्टीम खात्याखाली, आणि नेटवर्क पूर्णपणे बंद करून. चारही वेळा सभासदत्वाचे उत्तर अक्षरशः सारखे आले पाहिजे. शेवटच्या वेळी उत्तर बदलले किंवा स्क्रिप्ट काही सेकंद अडकून राहिली, तर तिच्यात कुठेतरी यंत्राऐवजी नेटवर्कला विचारणारी ओळ शिल्लक आहे असे समजावे आणि ती शोधून काढावी.